सहभागी क्रमांक नऊ

मंगळवार, २४ फेब्रुवारी

घडलं ते असं.

१. आमच्या प्रयोगशाळेत सध्या एकच मोठं काम चालू आहे. गरोदर बाईला फ्लू झाला की तिच्या फुप्फुसांतल्या जिवाणूंचं काय होतं, ते पाहायचं. गट तीन: गरोदर नसलेल्या निरोगी बायका, गरोदर निरोगी बायका, फ्लू झालेल्या गरोदर बायका.

२. पहिल्या गटाला बायका कमी पडल्या. मॅडमनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, कर्मचाऱ्यांना विचारलं. मी हो म्हटलं.

३. ९ जानेवारी, शुक्रवार. सकाळी घरी गरोदरपणाची चाचणी केली. एकच रेघ. कामावर येऊन फॉर्म भरला. ‘आपण गरोदर आहात का?’ यापुढे ‘नाही’ वर खूण केली. मिठाच्या पाण्याची वाफ दहा मिनिटं ओढून, खोकून, कफाचा नमुना दिला. नळीवर क्रमांक स्वतःच चिकटवला. नऊ.

४. ११ जानेवारी. ताप, १०२. पाच दिवस. कसला ते तपासलं नाही.

५. १६ जानेवारी. पुन्हा चाचणी. दोन रेघा.

६. नमुने आम्ही गोठवून ठेवतो आणि गट पूर्ण झाला की सगळे एकदम जिवाणू वाढवायच्या प्लेटवर लावतो. या महिन्यात लावले. नऊ नंबरच्या प्लेटवर न्यूमोकोकस या जिवाणूची गर्दी आली. पहिल्या गटातल्या बाकी अकरा जणींपैकी कुणाच्याही प्लेटवर अशी नाही.

७. नऊ नंबर कोण, हे मला ठाऊक आहे. नावांची यादी मॅडमच्या खणात कुलपात असते आणि काम संपेपर्यंत ती उघडायची नाही असा नियम आहे. मला दिवस गेलेत हे नवऱ्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही.

प्रयोगशाळेच्या वहीची पानं मोजलेली असतात. फाडता येत नाहीत. चूक झाली तर एक आडवी रेघ, तारीख, सही. त्या वहीत वरचं काही लिहिता येणार नाही, म्हणून ही वेगळी वही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

माझ्या टेबलाशी आज पाठ असलेली खुर्ची होती. स्टूल गायब. मावशींना विचारलं. मावशी काचसामान धुतात, वाफेच्या भांड्यात निर्जंतुक करतात आणि जिवाणूंचं खाणं, म्हणजे मीडिया, शिजवतात. एकोणीस वर्षं इथे आहेत.

“स्टूल कुठे गेलं?”

“मोडलं.”

“काल धड होतं.”

“काल धड असतं म्हणूनच आज मोडतं ना, बाई.”

मीडिया शिजताना मांस उकळल्यासारखा वास येतो. जानेवारीपासून तो आला की मी बाहेर जाते आणि जिन्यात उभी राहून शंभरपर्यंत मोजते. आजही वास आला नाही; आठवडाभर आलाच नाही.

“मावशी, आज मीडिया नाही?”

“झाला की. सातलाच उरकला.”

“तुम्ही तर नऊला येता.”

“या वयात झोप लागत नाही ग. पडून काय करायचं?”

गेला आठवडाभर असंच चालू आहे म्हणे. झोपेचा त्रास इतके दिवस राहणं बरं नाही. डॉक्टरांना दाखवा, असं त्यांना सांगितलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि बाटल्या घेऊन गेल्या.

शनिवार, २८ फेब्रुवारी

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्याही खोलीत शिरला की आधी वजनमर्यादा किती असेल याचा अंदाज घेतो. आज सकाळी मला दारात उभं करून म्हणाला, “दोन माणसं, एकशे छत्तीस किलो. पाटी बदलावी लागणार.”

“अजून पंधरा ग्रॅमसुद्धा नाही.”

“पाटी आधी लावतात, माणूस नंतर येतो.”

त्याला नऊ नंबरचं सगळं सांगितलं. त्याने ऐकलं, चहा ओतला, आणि म्हणाला, “हात दाखवून अवलक्षण ऐकलं होतं. तू फुप्फुस दाखवून केलंस.”

मग त्याने विचारलं, सांगून का टाकत नाहीस? मी दोन कारणं दिली. एक: गरोदर कर्मचाऱ्यांनी कफाचे नमुने उघडायचे नाहीत असा आमच्याकडे नियम आहे, म्हणजे माझी बदली कागदांच्या खोलीत होणार. मला माझं काम आवडतं. मी मास्क लावते, आणि आमचं काचेचं कॅबिनेट हवा आत ओढून गाळून सोडतं, त्यामुळे नमुन्यातलं काही बाहेर येत नाही. ते सुरक्षित आहे हे मला ठाऊक आहे. पुरेसं सुरक्षित आहे का, हे ठाऊक नाही. हे वाक्य त्याच्याजवळ बोलले नाही, इथे लिहिते आहे.

दुसरं कारण त्याला सांगावं लागलं नाही. गेल्या वर्षी सातव्या आठवड्यात सगळ्यांना सांगितलं होतं. मग नवव्या आठवड्यानंतर सगळ्यांना परत सांगावं लागलं. दुसऱ्या वेळी जास्त माणसं होती, कारण पहिल्या वेळच्यांनी आणखी कुणाकुणाला सांगितलं होतं.

आज अकरा आठवडे आणि एक दिवस.

संध्याकाळी आईचा फोन. “खोकला गेला का?” गेला. “जेवतेस का?” जेवते. “काही सांगायचंय का?” नाही. “बरं,” ती म्हणाली. “मग ठेवू नकोस लगेच. जरा वेळ असंच बोलत राहा.” मी तिला लिफ्टबद्दल सांगितलं. पाऊण तास झाला.

सोमवार, २ मार्च

मॅडमनी कामाची वाटणी बदलली. नमुने उघडणं आणि प्लेटवर लावणं आता त्या स्वतः करणार. मी झाकण लावलेल्या प्लेटच्या फोटोंवरून जिवाणूंचे ठिपके, म्हणजे कॉलन्या, मोजायच्या आणि आकडे बसवायचे. कारण विचारलं तर म्हणाल्या, “आकड्यांना तुझ्याइतका नीट हात दुसऱ्या कुणाचा नाही.”

हे कौतुक नाही, हे मला कळतं. नऊ नंबर बिघडला, लावला मी. मॅडमचा माझ्या हातावरचा विश्वास उडाला आहे आणि त्या सभ्यपणे बोलतायत, एवढाच याचा अर्थ. पाच वर्षांत असं झालं नव्हतं. दुपारभर मी कॉलन्या मोजल्या. एकही चुकली नाही, दोनदा मोजल्या.

चारला त्यांनी बोलावलं. पडद्यावर नऊ नंबरची प्लेट होती. लाल जमिनीवर बारीक ठिपके, प्रत्येकाच्या मध्यभागी खळगा, भोवती हिरवट कडं. न्यूमोकोकस असाच दिसतो. तो पुष्कळ लोकांच्या घशात गप्प बसलेला असतो आणि कुणाला त्रास देत नाही. पण फ्लूचा विषाणू आला की वाट मोकळी होते आणि हा खाली उतरतो. पुष्कळदा फ्लू ओसरत असतो आणि न्यूमोनिया याचा होतो.

“याचं काय करायचं?” मॅडमनी विचारलं.

“वगळता येईल.”

“कारण काय लिहायचं?”

‘नमुना दूषित’ असं लिहायचं असतं. दोन शब्द. ते लिहिले असते तर सगळंच मिटलं असतं. मी म्हटलं, “मी तीन वेळा लावला. तिन्ही वेळा असाच आला. दूषित नाही.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या. मग पडदा बंद करून पुन्हा म्हणाल्या, “बरं.”

तोंड उघडून मी स्वतःचाच सोपा रस्ता बंद केला. याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

बुधवार, ४ मार्च

मॅडमनी नऊ नंबरच्या उरलेल्या नमुन्यात विषाणू शोधला. चाचणी त्यांनीच केली. मी दारातून पाहिलं. निकाल अडीचला आला. फ्लूचा विषाणू: आढळला.

मी जागेवर येऊन बसले आणि हिशेब केला. नमुना नऊ तारखेचा, ताप अकराचा. म्हणजे मला काहीही होत नव्हतं, मी जिने चढत होते, नवऱ्याशी भांडत होते, आणि विषाणूने येऊन वाट मोकळीही केली होती. आमच्या तिसऱ्या गटातल्या सगळ्या बायका ताप चढल्यावर दवाखान्यात आलेल्या. आजार दिसायच्या आधीची फुप्फुसं आम्हाला कधीच मिळत नाहीत. निरोगी वाटणारी बाई नमुना द्यायला का येईल? आणि आता असा एक नमुना आमच्या फ्रीजमध्ये आहे, चुकीच्या गटात.

मला आनंद झाला. स्वतःच्या फुप्फुसाबद्दल असा आनंद होणं बरोबर की नाही, ठाऊक नाही. पण झाला.

नंतर भीती वाटली. तेव्हा पाचवा आठवडा चालू होता. पाच दिवस १०२.

शुक्रवार, ६ मार्च

बारा आठवडे पूर्ण. सोनोग्राफी.

डॉक्टरांना तापाचं पहिल्यांदाच सगळं सांगितलं, तारखांसह. त्यांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं. फुप्फुसं साफ आहेत. मग म्हणाल्या, “तुम्ही याच कामात आहात ना? मग ताप आल्यावर दाखवायला का नाही आलात?”

“तेव्हा ठाऊक नव्हतं.”

“ताप आलाय हे ठाऊक नव्हतं?”

पोट वाढतं तशी छातीला जागा कमी पडत जाते, त्यामुळे पुढे साधा फ्लूही जड जाऊ शकतो, हे त्यांनी मला समजावलं. हे आमच्या अहवालाच्या पहिल्या पानावर आहे, मीच टाइप केलंय. तरी नीट ऐकलं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते वेगळं वाटतं. त्यांनी फ्लूची लस दिली. पुन्हा ताप आला तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या नाही.

पडद्यावर ते पालथं पडलं होतं. मग एकदम उसळी मारून वळलं आणि एक हात वर केला. डॉक्टरांनी दोन टोकांवर खुणा करून मोजलं. चोपन्न मिलिमीटर. मी त्यांना पुन्हा मोजायला सांगितलं. चोपन्नच.

नवरा रडला. बाहेर येऊन म्हणाला, डोळ्यात तेल गेलं होतं. सोनोग्राफीच्या खोलीत तेल कुठून आलं, हे मी विचारलं नाही.

आपल्याकडे ‘दिवस गेले’ म्हणतात. गेल्या वर्षी खरंच गेले. यंदा मी रोज एक मोजते आणि तो जात नाही, साठतो.

सोमवार, ९ मार्च

मॅडमनी बोलावून दार लावायला सांगितलं.

“नऊ नंबरला पत्र पाठवायचंय,” त्या म्हणाल्या. “नमुन्यात विषाणू सापडला तर सहभागीला कळवायचं, असं आपल्या नियमात आहे. तू मसुदा कर. पत्ता मी घालेन.”

“यादी उघडणार?”

“पत्ता घालायला उघडावीच लागेल. परवानगी घेतली आहे.”

“काय काय विचारायचं?”

“तुला काय विचारावंसं वाटतं?” मॅडम चष्मा पुसत होत्या. “त्या बाईच्या जागी तू असतीस तर कुठल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तुला बरं वाटलं असतं?”

मी म्हटलं, पत्रात कुणाला बरं वाटण्याचा प्रश्न येत नाही, माहिती अचूक हवी. मॅडमनी मान डोलावली. अहवाल शुक्रवारी, २० तारखेला जाणार. उत्तर त्याआधी हवं.

मसुदा वीस मिनिटांत झाला. शेवटचा प्रश्न: ‘नमुना दिला त्या दिवशी आपण गरोदर होता का? हो / नाही.’ मॅडमनी वाचून पेन काढलं आणि ‘नाही’ च्या पुढे हाताने लिहिलं: ‘तेव्हा ठाऊक नव्हते’.

चांगली सुधारणा आहे. मूळ फॉर्ममध्येच हवी होती. शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिल्या दिवशी हेच सांगते: आपण अहवालात ‘नाही’ असं कधीच लिहीत नाही, ‘आढळले नाही’ असं लिहितो. चाचणीला दिसलं नाही, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. आणि जानेवारीत स्वतःच्या फॉर्मवर, सकाळच्या एका रेघेच्या जोरावर, मी ठणठणीत ‘नाही’ लिहून आले.

ती चूक होती. चुकीला एक आडवी रेघ, तारीख, सही. पण १६ तारखेला दोन रेघा दिसल्यावर मी गप्प राहिले, त्याला काय म्हणायचं?

बाहेर मावशी बाटल्या पुसत होत्या. मॅडम नऊ नंबरला पत्र पाठवतायत, हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

“काखेत कळसा,” त्या बाटलीला म्हणाल्या.

“काय म्हणालात?”

“काही नाही ग. बूच शोधतेय. हातातच आहे.”

गुरुवार, १२ मार्च

पत्र आलं. पाकिटावर मॅडमच्या हातचं माझं नाव, घरचा पत्ता. म्हणजे मॅडमना कळलं. मंगळवार आणि बुधवार दोन्ही दिवस त्या माझ्याशी नेहमीसारख्याच बोलल्या. फार आवरून धरलं असणार त्यांनी.

पाकीट नवऱ्याने फोडलं. माझी परवानगी घेऊन.

“‘महोदया,’” त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘आपल्या कफाच्या नमुन्याबाबत कळविण्यात येते की…’ अरे बापरे. कळविण्यात येते! हे कुठल्या बाईने लिहिलंय? हिच्या नवऱ्याचं कसं होत असेल?”

“मी लिहिलंय.”

त्याने पत्र खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. आणि मग आम्ही दोघं इतके हसलो की शेजारच्या आजींनी भिंतीवर थाप मारली.

त्यानंतर मी ते एकटीने वाचलं. मसुदा करताना मला ते निर्दोष वाटलं होतं. त्यात चूक काहीच नाही. पण ज्या बाईला ते येईल तिला तुझा ताप उतरला का, आता बरी आहेस का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं. ते प्रश्नावलीत नाही, पण टाइप केलेल्या मजकुराखाली, अगदी शेवटी, मॅडमच्या अक्षरात आहे: ‘आता प्रकृती कशी आहे? जपावे.’

ही दोन वाक्यं त्या सगळ्याच सहभागींना लिहीत असतील का?

शनिवार, १४ मार्च

आईला फोन केला. सांगितलं. चौदावा आठवडा चालू आहे.

ती म्हणाली, “हो, मला वाटलंच.”

“कधीपासून?”

“तू पाऊण तास लिफ्टबद्दल बोललीस तेव्हापासून. तुला लिफ्टचं कधी कौतुक होतं ग?”

तिने गेल्या वर्षीचा विषय काढला नाही. फक्त म्हणाली, “परत सांगायची वेळ आली असती ना, तरी मी ऐकलं असतं. ऐकायला काय, दहा वेळा ऐकेन.”

मी ‘ठीक आहे’ म्हटलं. त्यानंतर फोन मी ठेवला नाही, तिनेच ठेवला.

रविवार, १५ मार्च

छापलेल्या प्रश्नावलीवर खुणा करून पाठवली तर काम भागतं. तीन चौकटी, एक सही. पण १६ जानेवारीनंतरच्या गप्प बसण्याला त्यात चौकट नाही, आणि ती मागायला मी मॅडमकडे जाणार नाही. पत्रच लिहायला हवं.

नवऱ्याने विचारलं, मॅडम रागावतील का? सांगता येत नाही, म्हटलं. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत मी नियम मोडून नमुने उघडत होते. त्या मला काढूही शकतात. तो म्हणाला, “हे बघ, लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं घंटा वाजवायला लाजतात. मला नेहमी कुणीतरी बाहेरच्यानेच फोन केलेला असतो.”

“मग?”

“मग काही नाही. घंटा वाजव.”

सोमवार, १६ मार्च

सकाळी दिलं. मॅडम जागेवर नव्हत्या, टेबलावर ठेवलं. त्याची प्रत:

मॅडम,

सहभागी क्रमांक नऊ मी आहे.

ताप १६ जानेवारीला उतरला. प्रकृती चांगली आहे. डॉक्टरांनी फुप्फुसं तपासली आहेत, साफ आहेत.

नमुना दिला त्या दिवशी मी गरोदर होते. तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक झाले १६ जानेवारीला. त्यानंतर आजपर्यंत आठ आठवडे आणि तीन दिवस मी सांगितले नाही, आणि त्यातले साडेसहा आठवडे नमुने उघडत राहिले. याला आपल्या प्रश्नावलीत चौकट नाही म्हणून वेगळे लिहीत आहे. कारण विचारलेत तर सांगेन. लिहिणार नाही.

नऊ नंबर तिसऱ्या गटात घेता येत असेल तर घ्यावा. माझी संमती सोबत जोडली आहे. नियमात बसत नसेल तर वगळावा, पण ‘दूषित’ असे लिहू नये. तो चांगला नमुना आहे. यापुढे दर महिन्याला, आणि बाळ झाल्यावरही, नमुना द्यायला मी तयार आहे.

तोवर आकड्यांचे काम करीन. ते मला शिक्षेसारखे वाटत होते. आता वाटत नाही.

मला एकच विचारायचे आहे. मी परत येईन तेव्हा खिडकीजवळचे कॅबिनेट माझे असेल का? उत्तर तोंडी दिलेत तरी चालेल.

अहवाल शुक्रवारी जाणार आहे, तेव्हा कृपया गुरुवार, १९ मार्चपर्यंत कळवावे.